पंचनाम्यात आमच्यासाठी एक ओळ ठेवा : वनविभागाला खुलं पत्र

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर यांस,

सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात राहतो. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गेली अकरा वर्षं साप, पक्षी, उदमांजर, क्वचित कोल्हा, जे कुठे अडकलं-सापडलं ते सोडवायला जातो. वनविभागाचं ओळखपत्र खिशात असतं. या कामाला पगार नाही, आणि तो मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. लिहायला बसलो ते एका घारीमुळे.

आमच्या शेजारच्या येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस पतंगांचे असतात. भोगी, संक्रांत आणि कर. मागच्या वेळी करीच्या दिवशी दुपारी फोन आला, की रस्त्याकडेच्या बाभळीत घार लटकलीय आणि पोरं तिला काठीने खाली ओढायला बघताहेत. शिडी लावून वर गेलो. नायलॉनच्या मांजाचे उजव्या पंखाला चार-पाच वेढे बसले होते आणि ती फडफडेल तसा तो आत कापत गेला होता. पंख जरा उघडला तर हाड दिसलं. डोक्यावर टॉवेल टाकला की पक्षी शांत होतो, तशी ती झाली. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने मांजा कापत होतो, तेव्हा तिचं काळीज टॉवेलातून बोटांना लागत होतं. खोक्याला भोकं पाडली, खाली जुनं फडकं अंथरलं आणि पन्नास किलोमीटरवरच्या उपचार केंद्रात तिला घेऊन गेलो. तिथे नोंद झाली, पावतीवर क्रमांक मिळाला. "उद्या कळवतो," असं म्हणाले.

कुणीच कळवलं नाही. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा करायला जीव धजावला नाही. तिथली माणसं वाईट नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला अशा केंद्रांपुढे खोक्यांची रांग लागते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, ती कुणाकुणाला फोन करणार? हे सगळं मला समजतं. तरी दुकानात उधारीची वही लिहिता लिहिता मधेच ती घार आठवते. जगली का? पंख काढावा लागला का? दयामरण दिलं का? आणि झाडावरून काढताना माझ्याच हातून तो पंख जास्त ओढला गेला का? रात्री जाग येते ती या शेवटच्या प्रश्नाने.

आता दुसरी गोष्ट सांगतो, तीन रात्रींची.

आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. मादीला उसाची दाटी म्हणजे जंगलच वाटतं, ती तिथेच विते. त्या वर्षी दोन बछडे निघाले, नुकते डोळे उघडलेले. तोडणाऱ्या बाईने कोयता खाली टाकला, मुकादमाने फोन केला. पुढची पद्धत आपल्या विभागानेच घालून दिलेली आहे आणि जुन्नर भागात ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. बछडे तपासायचे, अंधार पडताना प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सापडले त्याच जागी ठेवायचे, कॅमेरे लावायचे आणि माणसांनी लांब निघून जायचं. पहिल्या रात्री मादी आली नाही. दुसऱ्या रात्री फडाच्या कडेपर्यंत येऊन परत गेली. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ती आली, पंजाने क्रेट कलंडवला, एकाला मानेला धरून गेली आणि पाऊण तासाने दुसऱ्यासाठी परत आली. आम्ही दोन शेतं पलीकडे जीपमध्ये बसलो होतो. पहाटे चित्रण बघताना निवृत्तीला आलेले आमचे वनपाल मफलरने डोळे पुसत होते. तीन रात्री माझा डोळा लागला नव्हता, पण सकाळी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा अंग पिसासारखं हलकं होतं.

घार आणि बछडे, दोन्हीकडे मी तेवढाच धावलो. पण एका गोष्टीचा शेवट मला कळला. मादी आली नसती तरी तो कळलाच असता. वाईट शेवट माणूस पचवतो. चार दिवस घास उतरत नाही, मग कामाला लागतो. न कळलेला शेवट मात्र मनात घर करून राहतो. अकरा वर्षांत असे माझ्याकडे किती साठले असतील आणि राज्यभरातल्या माझ्यासारख्यांकडे किती, याचा विभागाने कधी विचार केला आहे का?

महोदय, पंचनाम्याचा कागद आपण हजारो वेळा पाहिला असेल. प्राण्याची जात, लांबी, वजन, नर की मादी, जखम कुठे, ठिकाण, वेळ. खाली पंच म्हणून आमची सही. त्या कागदात प्राण्याबद्दल सगळं असतं, आणि ते असायलाच हवं. सही करणाऱ्या हाताचं काय झालं, यासाठी मात्र एक रकाना नाही.

एक सही सांगतो. द्राक्षाचे घड भरायला लागले की पाखरं येऊ नयेत म्हणून बागांना नायलॉनची जाळी लावतात. खालची कड जमिनीला टेकते आणि रात्री उंदरामागे निघालेला साप तीत शिरतो. पुढे जाता येत नाही, खवल्यांमुळे मागेही सरकता येत नाही. साडेसहा-सात फुटी धामण होती. सकाळी आठला मी पोचलो तेव्हा ऊन चढू लागलं होतं. तिला ओल्या गोणपाटाखाली घेतली आणि छोट्या कात्रीने एकेक दोरा कापायला बसलो. दोरा खवल्याखाली रुतलेला असतो. कात्रीचं टोक आत घालताना साप आखडतो, तो सैल पडेपर्यंत थांबावं लागतं. दीड तास गेला. चार वेढे उरले होते तेव्हा तिचं तोंड उघडं राहिलं, ते मिटलं नाही. शेतकरी बिचारा बाजूला उकिडवा बसून होता. बागेत धामण असलेली बरी, घुशी-उंदीर खाते, असं मानणारा माणूस. "दादा, चहा घ्या," म्हणाला. उठताना बांधाला जाळीच्या गुंडाळीचं वेष्टन पडलेलं दिसलं. त्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का होता.

त्या रात्री बायकोने विचारलं, "सकाळी काय होतं?"
"धामण होती."
"वाचली ना?"
मी हो म्हणालो.

घरी असं खोटं मी त्याआधीही बोललो होतो आणि नंतरही बोललो. ती जाळी आता दुकानात ठेवत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानातून घेतं, बागेला जाळी लागतेच. म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्याच्या दुकानाने सुटणारा नाही, हेही कळतं. कळूनही ते उघडं तोंड डोळ्यांपुढून जात नाही.

या अवस्थेला शास्त्रात नाव आहे. पाश्चात्त्य देशांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परिचारिकांबद्दल लिहिताना 'कम्पॅशन फटीग' हा शब्द आला. दुसऱ्याचं दुखणं रोज पाहून पाहून आतली माया आटत जाणं, असा त्याचा अर्थ. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणाऱ्यांविषयी अभ्यासकांनी लिहिलं होतं, की ज्यांना वाचवायला आपण आलो त्यांनाच कधी आपल्या हाताने शांत करावं लागतं, तेव्हा माणसावर एक वेगळाच ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची दखल घेतली, पण कामाच्या ठिकाणी येणाऱ्या ताणाचा परिणाम म्हणून. आमचं कामाचं ठिकाण कुठलं? कुणाचं न्हाणीघर, कुणाची विहीर, कुणाची बाग. मालक कोण? कुणीच नाही. त्यामुळे माणसाच्या मनाची काळजी घेणारी जी काही व्यवस्था आहे, तिच्या वहीत आमचं नाव येत नाही.

माझ्याबरोबर आठ वर्षं काम केलेला एक मित्र होता. म्हणजे आहे, याच तालुक्यात आहे. घोणस पिशवीत घालताना बोटाला चावली. लस वेळेवर मिळाली, मूत्रपिंडं वाचली, बोटाचं एक पेर गेलं. देवाची कृपा, थोडक्यात बचावला, असं सगळे म्हणाले. दोन महिन्यांनी तो पुन्हा कॉलवर आला. रात्रीची वेळ होती. अंगणात पाण्याचा पाइप पडलेला, त्याला त्याचा पाय लागला. तो जागच्या जागी खाली बसला, दातखीळ बसल्यासारखा, कपाळावर घाम. साप घरात होता, तो मी काढला. त्याला गाडीवर मागे बसवून घरी सोडलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. आठवड्याने साप धरायचा आपला हुक माझ्या दुकानात आणून ठेवला, "असू दे तुझ्याकडे." आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "भाऊ घाबरला." मीही हसण्याची खूण टाकली. ती आजही मला टोचते. पाय मोडलेल्या माणसाला आम्ही असं म्हटलं असतं का?

२०२५ च्या जुलैमध्ये सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघाती विमा देण्याचं सरकारने जाहीर केलं, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे म्हणून केंद्राने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यातही साप न मारता घरातून बाहेर नेणारा माणूस कामाचा आहे. पण त्या मित्राच्या बाबतीत विमा बोटाच्या पेराचे पैसे देईल. पाइपला पाय लागल्यावर जे झालं, त्याचा दावा कुठे करायचा?

आणि बिबट्याचं तर आणखी अवघड झालंय. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोड्या दिवसांच्या अंतराने लहान मुलांसह माणसं बळी पडली आणि वनविभागाची गाडी पेटवण्यापर्यंत लोकांचा राग गेला. तो राग खोटा नव्हता. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरापुढे कुठलंही शहाणपण चालत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे साप काढायला गेलो तरी लोक म्हणायचे, "तुम्हीच पाळता ना बिबटे?" मेलेल्या लेकरासाठी आमचाही जीव तुटतो, आणि पिंजऱ्यात डोकं आपटून रक्तबंबाळ झालेल्या जनावरासाठीही तुटतो. ही दोन्ही दुःखं एकाच वेळी बाळगणारा माणूस गावात कुणाजवळ बोलणार? वनरक्षकांचीही हीच गत आहे, बहुधा जास्तच वाईट, कारण त्यांना बदली नाकारता येत नाही आणि गणवेशात रडता येत नाही. हे पत्र त्यांच्या वतीनेही आहे, त्यांनी मला सांगितलेलं नसलं तरी.

आम्ही बोलत का नाही, तेही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी पकडणं हे 'शिकार' या व्याख्येतच येतं. आमचं सगळं काम आपल्या विभागाच्या परवानगीवर उभं आहे. झोप लागत नाही, हात कापतो, असं कुणी अधिकाऱ्याला सांगितलं तर पुढचं ओळखपत्र मिळेल का, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. शिवाय सर्पमित्र म्हणजे न घाबरणारा माणूस, ही गावाने घातलेली झूल अंगावर असते. ती उतरवली तर उरतं काय, असं पंचविशीतल्या पोरांना वाटतं. मग ती पोरं नाग हातात धरून व्हिडिओ काढतात. आम्ही त्यांना रागावतो, आणि रागावलंच पाहिजे. पण त्यांच्याशी बसून कुणी बोललेलं नसतं, हेही खरं.

आता मागणं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्त : शेवट कळवा. उपचार केंद्रात प्राणी दाखल होतो तेव्हा आणणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहून घेतातच. प्राणी बरा होऊन सोडला, केंद्रातच राहिला किंवा गेला, एवढा एका ओळीचा संदेश त्या नंबरवर जाऊ द्या. गेला असेल तर पशुवैद्यकांचं एक वाक्य जोडा, की जखम आणतानाच वाचण्यापलीकडची होती की आणखी काही. सोडवण्यात आमची चूक झाली असेल तर तीही लिहा. ती कळली तर पुढच्या वेळी हात सुधारेल. दयामरण द्यावं लागलं तर तो निर्णय डॉक्टरांचा होता, हे स्पष्ट शब्दांत कळवा. "तुम्हीच सांगा काय करायचं," असं खोक्यासमोर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला कुणी विचारू नये. मला एकदा एका जखमी मोराबद्दल विचारलं गेलं आहे. त्या मोराचं उत्तर मी दिलं, आणि ते देणं माझं काम नव्हतं.

दुसरं, पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ वाढवा : हजर स्वयंसेवकाशी नंतर बोलणं झालं का, कुणी केलं, कधी. वनपालाने दोन-तीन दिवसांनी एक फोन करायचा. "घरी आहेस का, जेवलास का, झोप लागतेय का." एवढंच. सगळं पुन्हा उगाळून सांगायला लावू नये. धक्क्यानंतर माणसाकडून बळेच सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं आहे. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार शिकवतात, म्हणजे जवळ बसणं, ऐकणं, गरज दिसली तर पुढे जोडून देणं. हे वनपालांना आणि आमच्यातल्या जुन्या लोकांना एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येईल. दरवर्षी साप हाताळण्याचं शिबिर होतंच, त्यातला अर्धा दिवस यासाठी काढा.

पुढे जोडून द्यायची सोय राज्यात आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्याला आत्ता झोप लागत नाहीय आणि जो हे वाचतोय, त्याने पत्राच्या उत्तराची वाट न बघता तो फिरवावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्याच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करतात. म्हणजे दाराशी जाऊन विचारायचं कसं, हे आपल्या शासनाला माहीत आहे. फक्त आमचं दार त्या यादीत यायचंय. मात्र जो जाईल त्याचं नाव वनविभागाच्या फाइलला लागता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. ओळखपत्राच्या नूतनीकरणाशी त्याचा संबंध जोडला जाणार नाही, असं आपल्या सहीचं परिपत्रक निघालं, तर लोक जातील. नाही निघालं तर एकही जाणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि पाळी लावून द्या. वनविभागाच्या हेल्पलाइनचा १९२६ असूनही गावात फोन येतो तो आमच्याच नंबरवर, कारण तोच भिंतीवर रंगवलेला असतो. पावसाळ्यात रात्री एक, पहाटे चार. तालुक्यात आम्ही सहाजण आहोत, पण कुणाची रात्र कुणाची सुट्टी हे ठरलेलं नाही. फोन बंद ठेवला आणि कुणाला साप चावला तर, या विचाराने मी अकरा वर्षांत एकदाही मोबाइल बंद करून झोपलेलो नाही. मुलीच्या बारशात कॉलवर गेलो होतो. त्या दिवशीच्या फोटोंत मी नाही. सहाजणांची पाळी वनपरिक्षेत्र कार्यालयाने लावली आणि १९२६ वरून ती चालली, तर ज्याची पाळी नाही त्याला निर्धास्त झोपता येईल.

विहिरीत बिबट्या पडतो तेव्हा काठावरची गर्दी आवरायला पोलीस हवेत, हे आपल्याला सांगायला नको. दोरी धरायची की लोकांना मागे ढकलायचं, ही निवड आमच्यावर येऊ नये.

माझ्या मित्राचा हुक अजून दुकानातल्या खुंटीला आहे. मी त्याला भेटायला जाणार आहे, ग्रुपवरच्या त्या खुणेबद्दल माफी मागायला. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची गरज नव्हती आणि मी उशीर केला. तेवढा भाग माझा.

त्या घारीच्या पावतीवरचा नोंदणी क्रमांक माझ्या पाकिटात आहे. तारीख करीची, वेळ दुपारी पावणेचार. आपल्या कार्यालयातून कुणी विचारलं तर लगेच पाठवतो. ती जगली नसेल तरी कळवावं, ही विनंती.

आपला नम्र,
निफाड तालुक्यातला एक सर्पमित्र